घाडीकाकांची बारा नावं

घाडीकाका आमच्या दुकानात कधीच बसले नाहीत. दुकान म्हणजे कणकवली एसटी स्टँडसमोरचं बाबांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण काका त्यांच्याकडे बघायचेही नाहीत. पाय थोडे फाकवून, डाव्या हाताने काउंटरची कड धरून ते उभे राहायचे आणि बोलता बोलता किंचित डुलायचे, आमचं दुकानच एखाद्या घाटातून चाललं असावं तसे. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी पाय गाडीतून उतरले नव्हते.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सारखी एकमेकांवर आपटायची. पूर्वी कंडक्टरच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा, तो वाजवायची ती सवय. नंतर तिकिटाची मशीन आली, चिमटा गेला, बोटं तशीच राहिली. ती किती जोरात चालतात त्यावरून काकांची घाई कळायची. ती कधी थांबलेली मी पाहिली नव्हती, एक वेळ सोडून.

स्टँडवर सगळे त्यांना दाजी म्हणत. मी काका म्हणायचे, तेही हळू. मी कमी बोलते. घरात मालवणी ऐकत वाढले, पण शाळा इंग्लिश मीडियमची. मालवणी बोलले तर शाळेत हसायचे, इंग्रजी बोलले तर वाडीत हसायचे, म्हणून दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. कॉलेज संपवून वर्षभर नोकरी शोधत होते आणि तोपर्यंत बाबांच्या कॉम्प्युटरवर बसत होते.

काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरून त्यांची मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. झेरॉक्सच्या मशीनमधला उजेड डावीकडून उजवीकडे सरकतो, तो ती टक लावून बघत होती.

"फॉर्म भर गो बाय. दिव्यांगाचो दाखलो होयो. नाव शुभांगी मधुकर घाडी. वय सव्वीस."

फॉर्ममध्ये अपंगत्वाच्या प्रकारांची लांब यादी उघडते, त्यातला एक निवडायचा असतो. मी विचारलं, "काय त्रास आहे त्यांना?"

"त्रास तिका नाय, आमका." मग थोडं थांबून म्हणाले, "नाय गो. आमचो त्रास तिका. लिव काय ता."

मी यादी वाचत गेले. काका प्रत्येकाला मान हलवत होते. आंधळेपणा नाही, बहिरेपणा नाही. आजवर कुणी मंद म्हणाले होते, कुणी अंगात वारं आहे म्हणाले होते, एका भगताने नारळ ठेवायला सांगितला होता. मग 'स्वमग्नता' आलं. तो शब्द मी मराठीतून पहिल्यांदाच मोठ्याने वाचत होते. मी सांगितलं, ऑटिझम म्हणतात. माणसाकडे बघायला जड जातं, आवाज सहन होत नाहीत, रोजच्या गोष्टी रोजच्यासारख्याच लागतात. पण हे डॉक्टर तपासून ठरवतील.

काकांची बोटं जोरात चालायला लागली. "परत वाच."

मी परत वाचलं.

पुढे तपासण्या झाल्या, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्या दिवशी काका धापा टाकत दुकानात आले. म्हणाले, "तो शब्द मोठ्या अक्षरात काढून दी माका. एका कागदार एकच." मी काढून दिला. त्यांनी कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात ठेवली. "सव्वीस वर्सा झाली बाय. नाव आज गावला."

काका गाडीवर असताना शुभाला काकी सांभाळायच्या. दोन वर्षांपूर्वी काकी वारल्या, त्याच पावसाळ्यात काका रिटायर झाले. ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता. "चेडू काय खाता, कित्याक रडता, कायच म्हायत नाय माका. पॅसेंजरांची म्हायती होती, घरातल्याची नाय." आणि मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला, जो पुढे ते दर दोन दिवसांनी विचारत राहिले. "माज्या मागे हिका कोण बगतला?" मालवण गाडी किती वाजता, असं विचारावं तसा. खिडकीपलीकडच्या माणसाला उत्तर माहीत असायलाच हवं, या खात्रीने.

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, शोधते.

शुभाला फारसं बोलता यायचं नाही, पण कणकवली ते विजयदुर्ग रस्त्यावरचे सगळे थांबे तिला ओळीने पाठ होते. नांदगाव, तळेरे, पडेल आणि मधले सगळे, जिथे नुसता एक फणस आणि मोडका बोर्ड आहे तेसुद्धा. तिला ते कुणी शिकवले नव्हते. घरात काका ड्युटीबद्दल बोलायचे त्यातून तिने उचलले असावेत. एसटीत बसली की ती शांत व्हायची, म्हणून काका तिला आठवड्यातून तीन-चारदा विजयदुर्गला नेऊन आणायचे. एकच अडचण होती. थांब्यावर कुणी नसलं की ड्रायव्हर गाडी पुढे काढतो. तसं झालं की शुभा दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळायची. मग काकांनी विजयदुर्ग लायनीवरच्या ड्रायव्हरांशी बोलून घेतलं. गाडी प्रत्येक थांब्यावर क्षणभर तरी टेकवायची.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. भर दुपारी एका ओसाड वळणावर गाडी थांबली.

ड्रायव्हर ओरडला, "दाजी, हयसर कुत्रोसुद्धा नाय!"

"नसांदे. बोर्ड आसा मा? मगे थांबूचा."

मागून एक बाई म्हणाली, "असा थांबत थांबत गेलव तर पडेलाक पोचासर माजे केस पिकतले!"

"तुजे पिकाचे रवलेत खंय गो?" काका मागे न बघता म्हणाले. सगळी गाडी हसली, ती बाईसुद्धा. शुभाने पुढच्या थांब्याचं नाव घेतलं आणि काकांनी दोनदा घंटी दिली. चालू कंडक्टर पोरगेलासा होता. तो बाजूला सरकून गंमत बघत होता.

मी शोधत होते ते फोनवर आणि मेलवर. काकांना ते शोधणं वाटायचंच नाही. "समोर उभ्या रवान इचारल्याशिवाय कोण काय सांगणा नाय," असं म्हणून ते ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांत जायचे, तिथल्या रांगेला "फुडे सरका, फुडे सरका" म्हणायचे आणि तीन वेगवेगळ्या टेबलांवरून तीन वेगवेगळे कागद घेऊन यायचे. माझ्या यादीत पुणे, मुंबई, गोवा असं सगळं लांबचं येत होतं. कुठे मुलं होस्टेलवर ठेवायची होती, कुठे रोज नेऊन आणायची होती. काका ऐकायचे आणि म्हणायचे, "हयसर काय आसा ता सांग." हयसर काही नव्हतं.

मग कोल्हापूरकडच्या एका संस्थेचं उत्तर आलं, चार पानी, इंग्रजीत. कणकवलीत आठवड्यातून तीन दिवस केंद्र चालवायला त्यांची तयारी होती. दोन शिकलेल्या बाया ते पाठवणार होते. अट एकच, डिसेंबर संपायच्या आत बारा पालकांनी सह्या करून नावं द्यायची.

मी काकांना पहिली दोन पानं मराठीत वाचून दाखवली. ते टाळीच वाजवणार होते. "बारा? अगो, एकट्या विजयदुर्ग लायनीर बारा गावतीत!" आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली. नावं नव्हती, थांबे होते. 'तळेरे तिठ्यावर चढणारी बाई, मांडीवर मोठो झील, सारखो झुलता.' 'पडेलच्या अलीकडे, आवस मागच्या सीटवर बसता, चेडवाच्या डोक्यार पदर घालून.' एकतीस वर्षं ते तिकिटं देताना माणसं बघत आले होते, असे मुलगे, अशा मुली आणि त्यांच्या आयासुद्धा. मी टाइप करत गेले. यादी दोन पानं झाली.

बाकीची दोन पानं मी संध्याकाळी वाचली. चौथ्या पानावर, मधल्याच एका परिच्छेदात लिहिलं होतं, केंद्रात वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतच मुलांना घेता येईल.

शुभा सव्वीसची होती.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी काका सकाळच्या पहिल्या गाडीने देवगडकडे निघून गेले होते. तिसऱ्या दिवशी ते आले ते दोन सह्या घेऊनच, आणि इतके खूश की बाबांना स्वतःहून चहा पाजला. मी संस्थेला मेल केली, वयाची अट शिथिल होईल का? उत्तर आलं, सध्या नाही. तीही मेल मी ठेवून दिली. रोज ते यायचे, काउंटर धरून डुलायचे, किती झाली ते विचारायचे. मी आकडा सांगायचे. बाकीचं सांगायला तोंड उघडायचे आणि तेवढ्यात त्यांची गाडी लागायची. खरं म्हणजे गाडी लागायची वाट मीच बघायचे.

सात झाली. आठ झाली. नऊवर थांबली. डिसेंबर सुरू झाला होता. लोक दार उघडायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, आमच्याकडे तसं कुणी नाही. आतल्या खोलीतून आवाज यायचा आणि तरी म्हणायचे.

तेव्हा काकांना गावपळणीची आठवण झाली. आमच्या किनाऱ्याकडच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेतात आणि अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांसकट. मागे घरात एकही माणूस ठेवायचं नाही. खाडीकडच्या एका गावाची पळण त्याच आठवड्यात होती.

"तीन दिवस घराक कुलूप," काका म्हणाले. बोटं नुसती तडतडत होती. "आता कोण खंय लपवतला? चल बाय, फॉर्म घे."

आम्ही शुभाला घेऊन पोचलो तेव्हा खाडीच्या अलीकडच्या मोकळ्या कातळावर माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या होत्या. चुली पेटल्या होत्या, पोरं धावत होती, बायका फुगड्या घालत होत्या. सगळं गाव सहलीला आल्यासारखं दिसत होतं. एका झोपडीमागे, बैलगाडीच्या सावलीत, सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. हातातली काडी कातळावर एकाच तालात आपटत होती. तिच्या मनगटाला मऊ फडकं बांधलं होतं आणि फडक्याचं दुसरं टोक तिच्या आईच्या मनगटाला. आई एका हाताने तांदूळ निवडत होती.

काका लांबूनच ओरडले. "ह्या कोणाचा चेडू? वय काय? बोलता काय?" आणि मग कातळावरच्या सगळ्यांकडे वळून, "आणखी कोणाच्या घरात असा आसा? लाजू नको, सांगा! बाय, तू लिव."

फुगडी थांबली. आई खाली बघत राहिली. तिची सासू चुलीकडून उठून आली. "आमच्यात असला काय एक नाय. चेडू वायच लाजता."

"लाजणा नाय गे म्हातारे, माका कळता..."

"काय कळता तुका? तिकीट नाय काढला तर गाडयेतसून उतरवतलंस काय आमका?"

लोक हसले. मुलगी त्या हसण्याने दचकली आणि किंचाळायला लागली. आईने तिला फडक्यासकट उचललं आणि झोपडीत नेलं. मी फॉर्म दप्तरात घातले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण पळायलाही सगळ्यांसमोरून जावं लागणार होतं.

परतीच्या गाडीत काका घंटीपासून लांब उभे राहिले. शुभा थांबे म्हणत होती. कणकवली आल्यावर एवढंच म्हणाले, "चेकिंगाक गेल्यासारो गेलंय मी."

त्यानंतर काय झालं ते मला दहा दिवसांनी कळलं, त्या मुलीच्या आईकडून. वैशाली तिचं नाव. ती एकटीच दुकानात आली, खुर्चीच्या अगदी टोकावर बसली आणि फॉर्म मागितला. पळणीच्या तिसऱ्या दिवशी काका परत आले होते, शुभाला घेऊन, कागदाशिवाय. झोपडीपासून थोड्या अंतरावर कातळावर जाऊन बसले. कुणाला हाक मारली नाही. तासाभराने सासूनेच चहा पाठवला. मग ते बोलायला लागले, सासूशी. घरात पाहुणे आले की ते शुभाला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. काकी नाही, ते स्वतः. आतून शुभाचे थांबे ऐकू यायचे, एकामागून एक.

"'रेडियो लागलो आसा,' असा सांगलंय मी पावण्यांका," काका म्हणाले होते. "सोळा वर्सा रेडियो लागलो होतो आमच्याकडे."

"मगे आये कायच बोलाक नाय," वैशाली म्हणाली. आये म्हणजे तिची सासू. "घराक परत गेल्यार माका म्हणाली, जा, नाव घालून ये."

वैशालीने तिच्या वाडीतल्या आणखी दोन घरांची नावं आणली होती. सह्यांसकट.

संध्याकाळी काका आले. मी म्हटलं, बारा झाली. त्यांनी काउंटरवर अशी थाप मारली की बाबा झेरॉक्सवरून दचकून वळले. शुभा मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"आता तेरावो शुभाचो भर," काका म्हणाले. "मुद्दाम मागे ठेवलंय हां. पॅसेंजर चढल्याशिवाय कंडक्टराच्या घरचो माणूस चढणा नाय."

मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, एका दमात, स्क्रीनकडे बघत. मराठीत ते वाक्य माझ्याने सुरूच होत नव्हतं.

"मराठीत सांग गो."

"केंद्र अठरा वर्षांपर्यंतच्याच मुलांसाठी आहे काका. शुभाला घेणार नाहीत."

बोटं थांबली. मी त्या हाताकडेच बघत होते, म्हणून मला नेमकं दिसलं. हात काउंटरवर नुसता पडून राहिला, आणि काकांचं डुलणंही थांबलं.

"कधी कळला तुका?"

"पहिल्या दिवशी."

बाहेर स्टँडवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती. काका शुभाकडे बघत होते. मशीन बंद होती, उजेड नव्हता, तरी ती बघत उभी होती.

"तवाच सांगूक होया होता."

"हो."

"तवा सांगलं असतंस..." ते थांबले. "तवा सांगलं असतंस तर मी ह्या बारांच्या दारात गेलंय नसतंय. माका म्हायत आसा मी कसो आसंय तो. तू बरा केलंस काय वायट केलंस, माका कळणा नाय." आणि मग, नेहमीच्या चढ्या आवाजात, "पाठव. बारा पाठव."

मी पाठवली. बाबा मध्येच म्हणाले, "दाजी, बस रे जरा." काका बसले नाहीत. शुभाच्या हातात शर्टाचं टोक दिलं आणि रस्ता ओलांडून स्टँडवर गेले.

फेब्रुवारीत बाजारामागच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर केंद्र सुरू झालं. काका पहिल्या दिवशी येतील असं मला वाटलं नव्हतं. ते सर्वांत आधी आले होते. चपलांची रांग लावत होते, पालकांना "फुडे सरका" म्हणत होते. शुभा दारातून आत बघत होती. आत रंगीत ठोकळे ओळीने मांडले होते. ती दोन पावलं आत गेली, तेव्हा काकांनीच तिला हाताला धरून बाहेर आणलं. तिथल्या बाईंनी सांगायच्या आत.

त्यांनी मला रागावून कधी काही ऐकवलं नाही. पण त्यानंतर दुकानात येणं कमी झालं. आले तर बाबांशी बोलायचे. मी दिसले की म्हणायचे, "गो, तू इंग्लिशात तरी बोल, पण बोल." हसून म्हणायचे. मला ते हसणं पुरेसं कळायचं नाही, अजून कळत नाही.

जूनमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना सांगायला केंद्रावर गेले. मुलं सुटायची वेळ होती. काका पायरीखाली उभे होते, शुभाला घेऊन. तिथे ते केंद्र असेल त्या प्रत्येक दिवशी येत असत, असं मला वैशालीने सांगितलं होतं. तिची मनू, ती फडक्याने बांधलेली मुलगी, आता बिनफडक्याची जिना उतरत होती. काकांनी त्या दोघींना रिक्षात बसवलं आणि जिन्याशी परत आले.

मी म्हटलं, "काका, मी उद्या पुण्याला चाललेय."

"बरा, बरा," ते म्हणाले. त्यांचं लक्ष वर होतं. केंद्रातल्या बाई कुलूप लावून उतरत होत्या.

"बाई, अठराच्या वरचा काय झाला?"

"वरती लिहिलंय हो काका. कालच तर सांगितलं तुम्हाला. अजून काही उत्तर नाही."

"दुसरी लिस्ट केलंय मी. सगळे मोठे, अठराच्या वरचे. पाच जाणा झालीत."

"पाचात नाही होणार काका."

"कितीत होतला?"

बाई थांबल्या. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

"उद्या येतंय."

"उद्या केंद्र बंद आहे."

"मगे परवा."

तेवढ्यात शुभाने त्यांचा शर्ट ओढला. विजयदुर्ग गाडीची वेळ झाली होती आणि तिला ती घड्याळाशिवाय कळायची. ती शर्ट सोडून पुढे निघाली, सरळ, कुणाकडे न बघता, भरभर. काकांनी बाईंना हात केला, मला केला की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही. खांद्याची पिशवी सावरत ते तिच्यामागे जवळजवळ धावत गेले. बाजाराच्या वळणावर एक टेंपो आडवा आला. तो हलला तेव्हा दोघंही दिसेनाशी झाली होती.